फवारणाऱ्याचं काय?



मी विषशास्त्रात संशोधन करते. म्हणजे टॉक्सिकॉलॉजी. हे सांगितलं की लोक पहिला प्रश्न एकच विचारतात, "मग आम्ही भाजी खायची की नाही?" लखनौला शेजारी हिंदीत विचारतात, इंदूरला आणि हैदराबादला नातेवाईक मराठीत विचारतात. या प्रश्नाचं माझं उत्तर पाठ झालेलं आहे. आज मी ज्या प्रश्नाबद्दल बोलणार आहे, त्याचं उत्तर मात्र माझ्याकडे तयार नव्हतं.

काही वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मला बोलायला बोलावलं होतं. विषय होता कीटकनाशकं आणि कॅन्सर. चाळीसेक माणसं होती. मी तासभर बोलले. अन्नातले अंश कसे मोजतात, मर्यादा कशी ठरते, ती पाळली तर ताटातल्या भाजीची फार भीती का बाळगू नये, असं सगळं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मागे भिंतीला टेकून बसलेली एक बाई उभी राहिली. तिचा नवरा रोजानं दुसऱ्यांच्या शेतात फवारायला जातो. ती पाणी आणून देते, औषध कालवून देते, संध्याकाळी त्याचे कपडे धुते. ती म्हणाली, "मॅडम, हे त खाणाऱ्याचं झालं. फवारणाऱ्याचं काय?"

मी काहीतरी बोलले. हातमोजे घाला, मास्क लावा, लेबल वाचा. ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की हे उत्तर नाही. आणि ते मलाही कळत होतं.

तिचा प्रश्न अवघड का आहे, हे समजून घ्यायचं तर आधी माझं पाठ झालेलं उत्तर ऐकावं लागेल.

एखादं नवीन कीटकनाशक बाजारात येण्याआधी त्याची उंदरांवर चाचणी होते. कॅन्सरसाठीची चाचणी साधारण 2 वर्षं चालते, म्हणजे उंदराचं जवळजवळ सगळं आयुष्य. सहसा चार गट असतात. एका गटाला काहीच देत नाहीत, बाकीच्या तिघांना कमी, मध्यम आणि जास्त मात्रा रोजच्या खाण्यातून देतात. प्रत्येक गटात साधारण 50 नर आणि 50 माद्या. शेवटी प्रत्येक प्राण्याचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. ज्या मात्रेला कोणताही वाईट परिणाम दिसला नाही, ती मात्रा आपण धरतो. समजा ती निघाली रोज दर किलो वजनामागे 10 मिलिग्रॅम. मग तिला 100 नं भागतो. पहिले 10 यासाठी की माणूस उंदरापेक्षा जास्त नाजूक असू शकतो. दुसरे 10 यासाठी की सगळी माणसं सारखी नसतात. कोणी लहान मूल असतं, कोणी गरोदर असते, कोणी आजारी असतं. उरतं 0.1 मिलिग्रॅम. 60 किलोच्या माणसाला दिवसाला 6 मिलिग्रॅम. आयुष्यभर रोज एवढं पोटात गेलं तरी त्रास होऊ नये, असा तो हिशोब. भाजीपाल्यातल्या अंशांची कायदेशीर मर्यादा ठरवताना सगळ्या खाण्यातून मिळून हा आकडा ओलांडला जात नाही ना, हे पाहतात.

म्हणून भाजी खायची की नाही, याचं माझं उत्तर असतं: खायची. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायची, जिथे साल काढता येते तिथे काढायची. आंतरप्रवाही औषध झाडाच्या आत गेलेलं असतं, ते धुण्यानं जात नाही, हेही लक्षात ठेवायचं. पण भीतीपोटी भाजी-फळं सोडणं हा तोट्याचा सौदा आहे.

या हिशोबावरही शंका घ्यायला जागा आहे. 1976 साली अमेरिकेतल्या इंडस्ट्रियल बायो-टेस्ट या मोठ्या प्रयोगशाळेचे अहवाल एड्रियन ग्रॉस या सरकारी शास्त्रज्ञानं बारकाईनं वाचले. आकडे जास्तच नीटनेटके दिसत होते. शोध घेतल्यावर कळलं की तिथे मेलेल्या उंदरांच्या जागी नवे उंदीर घातले जात होते, न केलेल्या तपासण्यांचे निकाल लिहिले जात होते. याच प्रयोगशाळेच्या कागदांवर अनेक कीटकनाशकांना परवानगी मिळालेली होती. 1983 मध्ये तिच्या अधिकाऱ्यांना दोषी ठरवण्यात आलं. आज आमच्या प्रयोगशाळांमध्ये प्रत्येक कागदावर तारीख आणि सही असते, खाडाखोड केली तर कारण लिहावं लागतं. हे नियम त्या फसवणुकीतून आले. मी नवीन विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगते. उंदीर मेला तर मेला असं लिहायचं, एवढाच तिचा अर्थ.

आता एका गोंधळाबद्दल बोलते, कारण तुमच्या मोबाइलवर तो दर महिन्याला येतो. मार्च 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं, म्हणजे आयएआरसीनं, ग्लायफोसेट हे तणनाशक 'बहुधा कर्करोगकारक' या 2ए गटात टाकलं. मॅलॅथिऑन आणि डायझिनॉनही त्याच गटात गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं म्हटलं की ग्लायफोसेटमुळे कॅन्सर होण्याची शक्यता दिसत नाही. लोक मला विचारतात, यातलं खोटं कोण बोलतंय?

शेतातल्या विहिरीचा विचार करा. विहीर खोल आहे का, पडलं तर माणूस मरेल का, हा एक प्रश्न. विहिरीला कठडा आहे का, रस्ता तिच्या किती जवळून जातो, रात्री अंधारात तिथून कोण जातं, हा दुसरा प्रश्न. पहिल्याला आम्ही धोका म्हणतो, दुसऱ्याला जोखीम. आयएआरसी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते: या पदार्थात कॅन्सर करण्याचा गुण आहे का, आणि त्याचा पुरावा किती पक्का आहे? किती मात्रेला किती जणांना होईल, हे तो गट सांगत नाही. म्हणून तंबाखू, दारू आणि प्रक्रिया केलेलं मांस तिन्ही पहिल्या गटात आहेत. तिघांची जोखीम सारखी आहे असा त्याचा अर्थ नाही. नियामक संस्था दुसरा प्रश्न विचारतात: प्रत्यक्ष वापरात किती पोटात जाईल, आणि तेवढ्यानं काय होईल? दोघांनी पुरावेही वेगवेगळे धरले. आयएआरसी प्रसिद्ध झालेले अभ्यास पाहते, तर नियामकांपुढे कंपन्यांनी दिलेले, प्रसिद्ध न झालेले अभ्यासही असतात. त्यामुळे काही मतभेद खरे आहेत आणि त्यावरचा वाद अजून संपलेला नाही.

पण दोन्ही बाजूंच्या बोलण्यात विहिरीच्या अगदी काठावर उभं राहून काम करणारा माणूस कमी दिसतो. ताटातल्या भाजीत मिलिग्रॅमचे अंश असतात. फवारणाऱ्याच्या हातात बाटली असते, न कालवलेली.

त्या बाईच्या प्रश्नानंतर पुढच्या हंगामात आम्ही त्याच गावात परत गेलो. या वेळी भाषण नव्हतं. अंधारात निळ्या-जांभळ्या दिव्याखाली चमकणारा एक निरुपद्रवी रंग असतो. तो आम्ही औषधाऐवजी पंपाच्या पाण्यात टाकला. सहा जणांना सांगितलं, नेहमी फवारता तसंच फवारा. नंतर शाळेच्या एका खोलीच्या खिडक्या गोधड्यांनी झाकल्या आणि दिवा लावला.

बोटं चमकली, हे सगळ्यांना अपेक्षित होतं. पण पाठ चमकत होती, कारण पंपाचं झाकण घट्ट बसत नव्हतं. मांड्या आणि जांघा चमकत होत्या, कारण ओल्या कपाशीतून चालताना विजार भिजली होती. एकाच्या ओठांभोवती रंग होता. त्यानं मधे खर्रा खाल्ला होता, त्याच हातानं. एकानं तुंबलेला नोझल तोंडानं फुंकला होता. त्यानंतर आम्ही बायकांना ते कपडे नेहमीसारखे धुवायला दिले. कोपरापर्यंत हात चमकले. आणि जिनं तो प्रश्न विचारला होता, तिच्या पदराचं टोक चमकलं. त्याच पदरानं तिनं कडेवरच्या लेकराचं तोंड पुसलं होतं. लेकराचा गाल चमकत होता.

खोलीत कोणी बोललं नाही. मी चष्मा काढून पुसायला गेले, तर त्याच्या काडीवरही रंग होता. मी पंपाला हात लावलेला नव्हता.

त्वचा म्हणजे रेनकोट नव्हे. 1971 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पॅराथिऑन हे कीटकनाशक माणसाच्या शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून किती आत जातं हे मोजलं होतं. कोपराखालच्या हातातून साधारण 9 टक्के आत गेलं, कपाळावरून 36 टक्के, आणि अंडकोषाच्या त्वचेतून जवळजवळ सगळंच. आता गळका पंप आणि ओली विजार आठवा. हातमोजे महत्त्वाचे आहेतच, पण हातमोजे घातलेल्या माणसाची जांघ भिजलेली असेल तर आपण चुकीचं दार बंद केलं.

2017 चा पावसाळा यवतमाळमध्ये कोणी विसरलेलं नाही. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, फवारा वर तोंडाच्या दिशेनं मारावा लागत होता, दोन-तीन औषधं एकत्र कालवली जात होती. 20 हून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. ती तीव्र विषबाधा होती, काही तासांत किंवा दिवसांत दिसणारी. ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं औषध असेल तर ते नसांचा निरोप थांबवणारं एक विकर बंद पाडतं. मग घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, शेवटी श्वास. अशा विषबाधेवर ॲट्रोपीनसारखा उपचार तरी आहे. कॅन्सरचं तसं नसतं. तो 15-20 वर्षांनी येतो आणि कुठून आला ते सांगत नाही.

इथे एक गोष्ट नीट ऐका. आपल्याकडे बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा. लाल सगळ्यात जहाल. हा रंग कशावरून ठरतो? प्राण्यांना एकदाच दिलेल्या किती मात्रेनं निम्मे प्राणी मरतात, त्यावरून. म्हणजे त्रिकोण आजच्या दिवसाबद्दल सांगतो. वीस वर्षांबद्दल तो काही सांगत नाही. हिरवा त्रिकोण पाहून "हे साधं आहे" म्हणत उघड्या हातानं कालवणारी माणसं मी पाहिली आहेत. आणि आपली भाषाही मदत करत नाही. आपण त्याला 'औषध' म्हणतो.

मग माणसांवरचे अभ्यास काय सांगतात? अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत 1993 पासून सुमारे 89,000 फवारणारे आणि त्यांच्या पती-पत्नींचा पाठपुरावा चालू आहे. या लोकांत एकूण कॅन्सर सामान्य लोकांपेक्षा कमी निघाला. मुख्य कारणांपैकी एक म्हणजे ते विड्या-सिगारेट कमी ओढतात. पण प्रोस्टेटचा कॅन्सर आणि रक्ताचे काही कॅन्सर त्यांच्यात जास्त दिसले. ग्लायफोसेटबद्दल 2018 मध्ये त्यांनी 54,000 हून जास्त फवारणाऱ्यांची माहिती तपासली. एकूण कॅन्सरशी किंवा लिम्फोमाशी संबंध दिसला नाही. रक्ताच्या एका कॅन्सरचं प्रमाण सगळ्यात जास्त वापर असलेल्यांत थोडं वर दिसलं, पण तो योगायोगही असू शकेल इतकंच.

हा उत्तम अभ्यास आहे. पण तो परवानाधारक फवारणाऱ्यांचा आहे. त्यातले बरेच जण ट्रॅक्टरवर बसून फवारतात. पाठीवर पंप घेऊन, अनवाणी, कपाशीच्या ओळीतून चालणाऱ्या मजुराला तो निकाल जसाच्या तसा लावता येत नाही.

दुसरा अभ्यास कॅलिफोर्नियातला. 1959 ते 1967 मध्ये बाळंतपणाच्या वेळी घेतलेले बायकांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवले होते. अनेक वर्षांनी त्यात डीडीटी मोजलं. 2007 मध्ये निष्कर्ष आला: ज्या बायका 14 वर्षांच्या आतल्या असताना डीडीटीचा वापर सुरू झाला आणि ज्यांच्या रक्तात ते जास्त होतं, त्यांच्यात स्तनांच्या कॅन्सरची जोखीम सुमारे पाचपट होती. मोठेपणी संपर्क आलेल्यांत तसं दिसलं नाही. अभ्यास लहान आहे, पण त्यानं माझा एक विचार बदलला. किती मात्रा, हे आम्ही पूर्वीपासून विचारत होतो. कोणत्या वयात, हेही तितकंच विचारायला हवं. म्हणून तो चमकणारा गाल माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आपल्याकडे निर्णय झालेच नाहीत असं नाही. शेतीसाठी डीडीटी 1989 मध्ये बंद झालं. लिंडेन, जे आयएआरसीच्या पहिल्या गटात आहे, त्याच्या वापरावर 2013 मध्ये बंदी आली. 2018 च्या आदेशानं आणखी 18 कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बंद झाली. पण प्रत्येक वेळी बंदी आली ती अनेक वर्षांच्या वापरानंतर. तोवर ज्यांनी ते अंगावर घेतलं, त्यांची नोंद कुठे आहे? कॅन्सरच्या रुग्णाला डॉक्टर तंबाखूबद्दल विचारतात. "तुम्ही किती हंगाम फवारलंत, काय फवारलंत, कपडे कोण धुतं?" असं विचारताना मी क्वचितच ऐकलं आहे. पंजाबच्या माळव्यातून बिकानेरला उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णांच्या गाडीला लोक 'कॅन्सर ट्रेन' म्हणू लागले. त्या भागात कीटकनाशकांवर संशय आहे, पाण्यातल्या युरेनियमवर आहे, आर्सेनिकवर आहे. कोणाचा वाटा किती, हे वेगळं काढायचं तर अशा नोंदी लागतात. नोंद नसेल तर "पुरावा नाही" असं म्हणणं सोपं होतं. पुरावा नसणं आणि शोधलेलाच नसणं, यात फरक आहे.

मग त्या बाईला मी काय सांगितलं? त्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर आल्यावर ती माझ्याजवळ आली आणि सरळ विचारलं, "मले कॅन्सर होईन का?"

मी म्हटलं, एका माणसाबद्दल हे सांगता येत नाही. तुम्हाला होईल असंही नाही, होणार नाही अशी खात्रीही नाही. काही औषधांबद्दल पुरावा बरा आहे, काहींबद्दल कच्चा आहे, आणि तुमच्यासारखं कालवणाऱ्या आणि कपडे धुणाऱ्या बायकांचा अभ्यास फार थोडा झालाय. पण जोखीम कमी करता येते, आणि कुठे कमी करायची ते आत्ताच आपण खोलीत पाहिलं.

मग आम्ही बसून यादी केली. पंपाचं झाकण आणि वायसर बदलायचं. कालवायला हात नाही, लांब काठी. नोझल फुंकायचा नाही, बारीक ब्रश ठेवायचा. वारा तोंडावर येईल अशा दिशेनं फवारायचं नाही. कमरेभोवती प्लॅस्टिकची खताची नाही, स्वच्छ धान्याची पिशवी कापून बांधायची, म्हणजे मांड्या भिजणार नाहीत. शेतावर साबण आणि पाण्याचा वेगळा कॅन. हात धुतल्याशिवाय खर्रा नाही, आणि खर्रा सोडलाच तर सगळ्यात चांगलं, कारण सुपारी आणि तंबाखू दोन्हींबद्दल पुरावा पक्का आहे. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत नाही, वेगळ्या बादलीत, आणि धुताना लेकरू दुसऱ्याकडे. रिकाम्या डब्यात तेल, पाणी, धान्य काहीही नाही. 2013 मध्ये बिहारमधल्या एका शाळेत कीटकनाशक मिसळलेल्या तेलात शिजवलेल्या माध्यान्ह भोजनानं 23 मुलं गेली होती. आणि सगळ्यात वरची ओळ: गरज नसताना फवारायचंच नाही. आधी झाडावर किडी मोजायच्या, मग ठरवायचं. न झालेली फवारणी ही सगळ्यात सुरक्षित फवारणी.

ही यादी बाईच्या हातातली आहे. पण ती तिथेच संपली तर मी तिच्यावर अन्याय केला. चाळीस डिग्रीत पूर्ण अंग झाकणारा सूट घालूनच सुरक्षित राहील असं औषध रोजंदारीच्या मजुराच्या पाठीवर द्यायचं की नाही, हे तिनं ठरवायचं नसतं. ते परवानगी देणाऱ्यांनी ठरवायचं असतं, आणि त्यांना आकडे देणाऱ्या माझ्यासारख्यांनी. आमचे हिशोब कागदावरच्या फवारणाऱ्यावर होतात. तो कागदावरचा माणूस लेबल वाचतो, हातमोजे घालतो, आणि त्याची बायको कपडे धुत नाही.

माझी यादी सांगून झाल्यावर ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तुमालेबी पक्कं मालूम नाही."

मी म्हटलं, नाही.

ती म्हणाली, "मंग आमी कपडे येगळे धुतो. तुमी पक्कं करा."

आता आम्ही त्या भागात हंगामाआधी आणि हंगामानंतर रक्ताचे नमुने घेतो. फवारणाऱ्यांचे घेतो, आणि कपडे धुणाऱ्यांचेही. पहिलं नाव तिचं आहे. उत्तर यायला वेळ लागेल. पण आता कोणी भाजीबद्दल विचारलं की मी उत्तर देते, आणि मग त्यांना विचारते, तुमची भाजी फवारली कोणी, तुम्हाला माहीत आहे का?